टॅगवर ‘लिव्हिंग वेज’, उत्तरात किमान वेतन

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय: शर्टाच्या टॅगवरील ‘लिव्हिंग वेज’ आणि ‘सस्टेनेबल’ या दाव्यांचा पुरावा न दिल्याबाबत

महोदय/महोदया,

घोडबंदर रोडवरील मॉलमधल्या आपल्या दुकानातून मी भाच्यासाठी १,७९९ रुपयांचा शर्ट घेतला. शर्टाबद्दल तक्रार नाही. कापड चांगले आहे, कॉलर नीट बसते, काजांचे टाके घट्ट आहेत. तक्रार आहे ती त्याला सुतळीने बांधलेल्या तपकिरी टॅगबद्दल. हिरव्या पानाच्या चित्राखाली छापले आहे की हा शर्ट ‘सस्टेनेबल’, म्हणजे पर्यावरणाला न दुखावता बनवलेला, आहे आणि तो शिवणाऱ्या प्रत्येकाला ‘लिव्हिंग वेज’, म्हणजे कुटुंब नीट जगेल असे निर्वाह वेतन, मिळते. आतल्या शिवणीतले लेबल ‘मेड इन बांगलादेश’ म्हणते. क्यूआर कोड स्कॅन केला, तर मशीनवर बसून हसणाऱ्या एका बाईचा फोटो उघडला आणि त्याखाली पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. कारखान्याचे नाव नाही, गाव नाही, पगाराचा आकडा तर नाहीच.

म्हणून ई-मेलने साधी विचारणा केली: शर्ट कोणत्या कारखान्यात शिवला आणि तिथल्या हेल्परला महिन्याला किती पगार मिळतो? उत्तर आले. गोड भाषेतल्या तीन परिच्छेदांत कामाचे वाक्य एकच होते, ते असे की आपले सर्व पुरवठादार स्थानिक कायद्यानुसार किमान वेतन देतात.

अहो, किमान वेतन देणे हे कायद्याचे बंधन आहे. न दिले तर तो गुन्हा ठरतो. कायदा मोडत नाही, एवढ्यासाठी टॅग छापायचा आणि त्या टॅगच्या जोरावर भाव लावायचा, हे कुठल्या हिशेबात बसते? साधा शर्ट शेजारच्याच रॅकवर बराच स्वस्त होता.

दोन्ही वेतने एकच असती, तर आपल्या देशात त्यावर एवढा खल झालाच नसता. रास्त वेतन समितीने १९४८ साली किमान, रास्त आणि निर्वाह वेतन अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४३ मध्ये निर्वाह वेतन आले ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतन कसे काढायचे ते सांगितले: कुटुंबाचे अन्न, घरभाडे, इंधन-दिवाबत्ती आणि वर्षाला ७२ यार्ड कापड. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी त्यात २५ टक्क्यांची भर घालायला सांगितली. आणि हे सगळे अजून किमान वेतनच बरे का. निर्वाह वेतन त्याच्याही वरचे.

आता बांगलादेशाकडे या. २०२३ मध्ये तिथल्या कामगार संघटनांनी महिना २३,००० टक्यांची मागणी केली. आंदोलन पेटले, त्यात कामगारांचे जीव गेले, आणि १ डिसेंबरपासून लागू झाले १२,५०० टका. आपण ज्याला ‘स्थानिक कायद्यानुसार किमान वेतन’ म्हणता ते हेच. टॅग खरा असेल, तर आपल्या कारखान्यात याच्या वर किती देतात, तो आकडा हवा.

मी वागळे इस्टेटमधल्या एका गारमेंट युनिटमध्ये बरीच वर्षे हिशेब पाहिले आहेत, त्यामुळे कॉस्टिंग शीट, म्हणजे पीसमागच्या खर्चाचा तक्ता, म्हणजे काय ते मला समजावू नये. कापडाचा भाव गिरणीकडून येतो. बटणे, चेन, लेबले यांचे भाव बाजार ठरवतो. वीजबिल थांबत नाही. मग बायरने, म्हणजे आपल्यासारख्या ब्रँडने, पीसमागे पाच रुपये कमी करा म्हटले, की मालकाची कात्री चालते ती कटिंग-मेकिंगच्या, म्हणजे शिलाईच्या मजुरीच्या, ओळीवर, आणि तिथून सरळ धागा कटिंग करणाऱ्या बाईच्या पीस रेटवर. ऑर्डर वाढवायची पण शिपमेंटची तारीख हलवायची नाही, असे झाले की मशीनवरची माणसे रात्री थांबतात. म्हणून कारखानदाराने पगार किती द्यावा हे सांगण्याआधी आपण त्याला पीसमागे किती देता, ते सांगा. लिव्हिंग वेज तिथून सुरू होते.

ऑडिट झाले आहे, असेही आपण लिहिता. ढाक्याजवळ सावर येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचेही ऑडिट झालेलेच होते.

‘सस्टेनेबल’बद्दल ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला फार सांगायला नको. उल्हासनगरच्या जीन्स वॉश कारखान्यांनी वालधुनी नदीचे काय केले ते आम्ही पाहिले आहे. तिरुपूरची कापड रंगवणारी डाइंग युनिट्स मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये बंद करायला लावली, तीही नोय्यल नदीत सोडलेल्या पाण्यापायीच. आपला कपडा कुठे रंगला आणि ते पाणी कुठे गेले, याबद्दल टॅगवर एक अक्षर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या ग्रीनवॉशिंगविषयक, म्हणजे पर्यावरणपूरकतेच्या फसव्या दाव्यांविषयीच्या, सूचनांनुसार असे मोघम शब्द स्पष्टीकरण आणि पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. क्यूआर कोडची मुभा आहे ती हा तपशील देण्यासाठी, सूट जाहीर करण्यासाठी नव्हे. त्या सूचना पर्यावरणाच्या दाव्यांपुरत्या आहेत हे मला ठाऊक आहे. मात्र वेतनाचा खोटा दावा हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकतो.

मला पैसे परत नकोत आणि कूपन तर मुळीच नको. कारखान्याचे नाव व गाव, तिथला सर्वांत कमी मासिक पगार ओव्हरटाइम वगळून, लिव्हिंग वेजचा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, आणि डाइंग कुठे झाले, एवढे लेखी कळवावे. देता येत नसेल, तर हा टॅग सर्व दुकानांतून काढून घेतल्याचे कळवावे. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि केंद्रीय प्राधिकरणाकडे तक्रार नोंदवीन.

उत्तर कृपया सही करणाऱ्या माणसाच्या नावानिशी यावे. मागच्या ई-मेलखाली फक्त ‘टीम हॅपीनेस’ होते.

आपली,
एक ग्राहक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत: बिलाची प्रत, टॅगच्या दोन्ही बाजूंचे फोटो, आपल्या ई-मेलची प्रत