सौर प्रकल्प हवेत, पण गायराने मोडून नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावी सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. रात्रीबेरात्री पिकाला पाणी देताना साप आणि बिबट्याच्या भीतीने जीव मुठीत धरणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. कोळशाच्या विजेची किंमत विदर्भ आजही मोजतो आहे. आपल्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राख निघते, त्यामुळे २९२० मेगावॉटच्या चंद्रपूर केंद्राला राखेचा प्रश्न सुटलेला नाही आणि जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या राख तलावाचा बांध फुटून ती राख लोकांच्या शेतांत शिरली. कोळसा कमी झालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही.

माझा आक्षेप आहे तो जागेच्या निवडीला. एका मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला चार-पाच एकर जमीन लागते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे द्यावे लागते, सरकारी जमीन मात्र नाममात्र दराने मिळते. साहजिकच पहिली नजर गायरानावर जाते. सरकारी दप्तराने माळरानाला ‘पडीक’ ठरवले असले, तरी पाऊस सरता सरता तिथे मारवेल, पवन्या आणि कुसळी कमरेएवढी वाढलेली असते, चंडोल गवताच्या बुडख्याशी जमिनीवरच घरटे करतो, लांडगा आणि खोकड त्याच माळावर पिल्ले वाढवतात आणि धनगरांच्या मेंढ्यांना दुसरी चराई उरलेली नसते. कुंपण पडले की हे सारे एका हंगामात संपते. शिवाय २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या कक्षेत असे सौर प्रकल्प येत नसल्याने, औष्णिक केंद्राच्या विस्तारासाठी जी जनसुनावणी घ्यावी लागते, ती येथे होत नाही.

राजस्थान-गुजरातमध्ये सौर आणि पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्यांवर आदळून माळढोक मरू लागले, तेव्हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२१ मध्ये वाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला आणि २०२४ मध्ये तो शिथिलही करावा लागला, कारण एवढ्या मोठ्या क्षेत्रात सगळ्या वाहिन्या जमिनीखालून नेणे व्यवहार्य ठरत नव्हते. ज्या माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले, त्याच पक्ष्याची ही कथा आहे. आपण तरी जागा आधी तपासायला नको का?

पर्याय आहेत. गुजरातने मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासन येथे २०१२ मध्येच नर्मदेच्या शाखा कालव्यावर पॅनेल बसवले. आपल्याकडे कालवे, गोदामांची आणि बाजार समित्यांची छपरे, बंद पडलेल्या खाणींच्या जमिनी आहेत. खर्च थोडा वाढेल, पण तो आज राखेसारखा शेजाऱ्याच्या माथी तरी जाणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी गायरान देण्यापूर्वी गट क्रमांकांची यादी, किमान एका पावसाळ्यातील गवत व वन्यजीवांची पाहणी आणि चराईची पर्यायी जागा ग्रामसभेपुढे ठेवावी, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, सोलापूर