परवाना परीक्षेच्या अभ्यासक्रमात रद्द झालेले नियम आणि अर्थिंगची जीवघेणी माहिती: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(विद्युत परवाना परीक्षा तयारी, ऑनलाइन अभ्यासक्रम)

विषय: सदोष अभ्यास साहित्याची तातडीने दुरुस्ती आणि फी परतावा

महोदय,

मी इचलकरंजीत वायरिंगची ठेकेदारी करतो. बहुतेक कामं यंत्रमाग कारखान्यांची. माझ्याकडच्या चार मुलांना परवाना परीक्षेला बसवायचं म्हणून तुमच्या अभ्यासक्रमाची प्रत्येकी 4,500 रुपये फी मी एकरकमी भरली. ‘सध्याच्या सुरक्षा नियमांवर आधारित’ असं तुमच्या जाहिरातीत ठळक लिहिलं होतं.

प्रत्यक्षात सुरक्षेचा सबंध धडा भारतीय विद्युत नियम, 1956 वर बेतलेला आहे. 2003 चा विद्युत कायदा आल्यावरही नवे विनियम होईपर्यंत ते नियम चालू राहिले, हे मान्य. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम 2010 मध्ये आले आणि 2023 मध्ये त्यांचीही जागा नव्या विनियमांनी घेतली. तुमच्या नोट्समध्ये या दोन्हींचा उल्लेखसुद्धा नाही. सराव परीक्षेत विजेच्या अपघाताची सूचना देण्याचं कलम विचारलंय आणि बरोबर उत्तर 33 धरलंय. ते 1910 च्या रद्द कायद्यातलं आहे. 2003 च्या कायद्यात ही तरतूद कलम 161 मध्ये आहे. आमच्या एका मुलानं 161 निवडलं, तर ॲपनं त्याचे गुण कापले. बरोबर येत असलेलं तुम्ही त्याला विसरायला लावताय.

तरीही कलमांच्या चुकीसाठी मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. अर्थिंगच्या धड्यात तुम्ही लिहिलंय की, घरात अर्थिंग नसेल तर सॉकेटची अर्थ पिन न्यूट्रलला (करंट परत नेणाऱ्या तारेला) जोडावी. हे वाचून मी हादरलो. अशा सॉकेटच्या मागे न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर चालू उपकरणातून फेज, म्हणजे जिवंत तारेतली वीज, त्या न्यूट्रलवर येतो आणि अर्थ पिनेवाटे थेट फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर. शॉर्ट सर्किट झालेलंच नसतं, त्यामुळे एमसीबी (जादा करंट आल्यावर आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. ओल्या हातानं दार उघडणाऱ्या बाईला 230 व्होल्टचा झटका बसतो. फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले असतील, तर काही तुटायचीही गरज नाही.

व्हिडिओत तुमचे सर सांगतात, आरसीसीबी बसवला की एमसीबी नसला तरी चालतो. आरसीसीबी हा स्विच फक्त गळती, म्हणजे तारेबाहेर जमिनीकडे जाणारा करंट, ओळखून वीज तोडतो. ओव्हरलोडनं वायर तापून जळायला लागली, तरी तो जागचा हलणार नाही. आणि नवं काम चालू करण्याआधी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासायचं असतं, 500 व्होल्टला किमान 1 मेगओहम मिळायला हवा, हे तर अख्ख्या अभ्यासक्रमात कुठेच नाही.

मी हे सगळं ईमेलनं कळवलं. ‘हे प्रश्न मागील परीक्षांत विचारले गेले आहेत,’ एवढंच उत्तर आलं. परवाना हातात आल्यावर ही मुलं लोकांच्या घरात काम करणार आहेत, याचा विचार उत्तर देणाऱ्यानं केलेला दिसत नाही.

अर्थिंगचा तो धडा आणि तो व्हिडिओ आजच्या आज काढा. ज्यांनी ज्यांनी तो अभ्यासक्रम घेतलाय, त्या प्रत्येकाला चूक काय आणि बरोबर काय, हे मराठीत स्पष्ट लिहून कळवा. गुपचूप फाइल बदलून भागणार नाही. नवं साहित्य परवानाधारक विद्युत पर्यवेक्षकाकडून तपासून घ्या. आमची 18,000 रुपये फी परत करा. पण पैसे परत देऊन पहिल्या दोन गोष्टी टाळणार असाल, तर ते मला मान्य नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. त्या धड्याची प्रत विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात मात्र मी उद्याच देणार आहे.

आपला,
एक परवानाधारक विद्युत ठेकेदार, इचलकरंजी

सोबत: फीची पावती, जाहिरातीची प्रत, अर्थिंगच्या धड्याची पानं, सराव परीक्षेचा निकाल, ईमेलचं उत्तर