परत आलेले गाणे

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या कचेरीतला तो अमेरिकन मुलगा चाळीस वर्षांपूर्वीची जपानी गाणी दिवसभर कानाला लावून बसतो, त्यातले अवाक्षर त्याला कळत नाही, आणि ‘या लोकांना परक्याचे फार अप्रूप’ एवढ्यावर तू विषय संपवलास. मला हे पटले नाही. त्या गाण्यांत त्या मुलाला जे सापडते ते परके नसून त्याच्याच घरचे आहे, फक्त दुसऱ्याच्या हातून परत आलेले, असे माझे मत आहे.

जपानी गायिका मारिया ताकेउचीचे ‘प्लास्टिक लव्ह’ घे, कारण तो मुलगा बहुधा त्याच गाण्यावरून या वाटेला लागला असेल. १९८४ च्या ‘व्हरायटी’ या अल्बममधले हे गाणे तिने स्वतः लिहिले आणि स्वरबद्ध केले. संगीतसंयोजन तिचे पती तात्सुरो यामाशिता यांचे. अल्बम चांगला खपला, पण पुढच्या वर्षी या गाण्याची वेगळी तबकडी निघाली तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. मग २०१७ मध्ये कोणा चाहत्याने ते यूट्यूबवर चढवले आणि जपानशी काडीचाही संबंध नसलेले लाखो लोक ते ऐकू लागले. त्या व्हिडिओवरचा तिचा हसरा, कृष्णधवल चेहरा तू पाहिला असशील. टोकियोच्या रात्रीचे प्रतीक म्हणून लोकांनी तो डोक्यावर घेतला. पण ते छायाचित्र मुळात या गाण्याचे नव्हेच. ते तिच्या १९८० च्या एका वेगळ्याच तबकडीच्या वेष्टणावरचे आहे आणि लॉस एंजेलिसमध्ये अ‍ॅलन लेव्हेन्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने टिपलेले आहे! त्याच्या हक्काच्या वादात तो व्हिडिओ काही काळ यूट्यूबवरून उतरवलाही गेला होता. शिवाय शाळकरी वयात ताकेउची वर्षभर अमेरिकेत शिकायला होती, आणि तीही तू राहतोस त्याच इलिनॉय राज्यातल्या रॉक फॉल्स या लहानशा गावात.

हा सारा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अशा जपानी गाण्यांना आज सिटी पॉप म्हणतात, आणि ती घडवणारे सोल, फंक हे अमेरिकन संगीतप्रकार आणि कॅलिफोर्नियातले गुळगुळीत रॉक ऐकत वाढलेले होते. बेस गिटारची लवचिक चाल, इलेक्ट्रिक पियानोचे मऊ ठोके, व्हायोलिनांचा पडदा, ही सामग्री तिकडचीच. जपानी कलावंतांनी ती घासूनपुसून अशी लखलखीत केली की मूळ मालकालाही चटकन ओळखू येऊ नये. त्या मुलाच्या कानाला सूर ओळखीचा लागतो आणि शब्द मात्र अनोळखी राहतात. आई-वडिलांच्या तरुणपणाची, स्वतः कधी न जगलेली आठवण त्या फटीतून आत शिरते. शब्द कळले असते तर बहुधा एवढी जागा उरली नसती. कारण ‘प्लास्टिक लव्ह’मधली बाई प्रेमभंगानंतर प्रेमाकडे निव्वळ खेळ म्हणून पाहते आहे, आणि ऐकणारा मात्र आपल्याच हळव्या तंद्रीत असतो. यात हसण्यासारखे काही नाही. भीमसेनांच्या तोंडून कानडी दासपदे ऐकताना आपल्यापैकी कितीजणांना कानडी येत होते?

याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र बरेच जुने आहे. क्यू साकामोतो या गायकाचे ‘उए ओ मुइते अरुको’ जपानमध्ये १९६१ साली आले. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालणाऱ्या माणसाचे ते गाणे. रोकुसुके एई यांनी ते लिहिले त्यामागे, अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धचे १९६० चे आंदोलन फसल्याची निराशा होती, असे सांगतात. हेच गाणे जपानी शब्दांसकट १९६३ च्या जूनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. नाव मात्र बदलले होते. पाश्चात्त्य जिभेला सोपे जावे म्हणून त्याला ‘सुकियाकी’ म्हटले गेले, म्हणजे गोमांसाच्या एका रश्श्याचे नाव, ज्याचा गाण्याशी काही संबंध नाही. ज्या देशाबरोबरच्या करारापायी आलेल्या निराशेतून ते गाणे जन्मले म्हणतात, त्याच देशाने ते डोक्यावर घेतले, तेही त्यात काय म्हटले आहे याचा पत्ता नसताना. तरीही त्यातली उदासी तिथे पोहोचली असावी असे मला वाटते. ती शीळ आणि ती संथ चाल शब्दांवर फारशी अवलंबून नाही.

मिकी मात्सुबारा या सिटी पॉप गायिकेचे मात्र वाईट वाटते. तिचे १९७९ चे ‘मायोनाका नो दोआ’ २०२० च्या अखेरीस टिकटॉकवरून जगभर पसरले. ती २००४ मध्येच गेली होती.

त्या मुलाला एवढे विचार, की शब्दांचा अर्थ त्याने कधी शोधला का, आणि शोधला असल्यास त्यानंतर गाणे त्याला पहिल्यासारखेच लागले का. त्याचे उत्तर मला जरूर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत