त्या खोक्याची गोष्ट

प्रिय आई-बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर आई विचारत होती की टेबलावर ते अँटेनावालं खोकं कसलं आणि मी त्याच्याशी काय बोलत बसते, आणि मी सांगायला लागले तर तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि विषय गेलाच. म्हणून लिहूनच काढते: तो हॅम रेडिओ आहे, म्हणजे हौशी लोक परवाना काढून एकमेकांशी बोलायला वापरतात तो वायरलेस.

2024 च्या सप्टेंबरात हेलीन वादळ आलं तेव्हा रविवारी पहाटे ऋजुताताईचा न्यू जर्सीहून फोन आला होता ना, "ती सुखरूप आहे" म्हणून? तुम्हाला वाटलं माझा तिला फोन लागला. नव्हता लागला. 27 तारखेला शुक्रवारी सकाळी इथे नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये लाईट गेले, पाणी गेलं, मग मोबाईलची रेंज गेली आणि इंटरनेट तर आधीच गेलेलं. बाबा, तुम्ही सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याचे फूट मोजता तसं सांगते, इथल्या फ्रेंच ब्रॉड नदीचं पाणी 24 फुटांच्या वर गेलं, 1916 च्या महापुराचा रेकॉर्ड मोडला. मी डोंगराच्या अंगाला उंचावर होते त्यामुळे मला काही झालं नाही, पण ते तुम्हाला कळवायचं कसं? 2019 ला आयर्विनपाशी 57 फूट पाणी होतं आणि तुमचा फोन लागत नव्हता तेव्हा मी इथे बसून कशी होते ते मला आठवत होतं, आणि आता तुम्ही तसेच बसला असणार.

शेजारचे आजोबा, तेच गं ज्यांना तुझे बेसनलाडू आवडले, ते हॅम रेडिओवाले. शनिवारी त्यांच्या व्हरांड्यात गेले तर गाडीची बॅटरी काढून तिला रेडिओ जोडलेला आणि समोर वही. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर, 145.190 मेगाहर्ट्झ, माउंट मिचेलच्या डोंगरावरच्या रिपीटरवर. रिपीटर म्हणजे काय, तर लग्नात एक मावशी असते बघ, कोपऱ्यात कुणी पुटपुटलं की ती तेच अख्ख्या मांडवाला मोठ्याने ऐकवते. हातातला सेट जेमतेम 5 वॅटचा, डोंगराआड काही जात नाही, पण हा डोंगर 6684 फुटांचा, त्यावरून खूप लांबपर्यंत ऐकू जातं. आणि तो रिपीटर सुरू राहिला, हीच सगळी गंमत.

मी अर्धा तास नुसती ऐकत होते. कुणाला इन्सुलिन हवं, कुठला रस्ता वाहून गेलाय, अमक्या पत्त्यावरच्या म्हाताऱ्या बाईंना कुणीतरी जाऊन बघा. एक जण नेट चालवतो (नेट म्हणजे इंटरनेट नव्हे, रेडिओवरची सगळ्यांची बैठक), तो म्हणेल तेव्हाच बोलायचं, कुणी मध्ये बोललं तर शांतपणे "थांबा" म्हणायचा. ओरडाआरडा नाही, रडारड नाही. आपल्याकडे एका वेळी चार जण बोलतात ना, तसं इथे केलं तर कुणालाच काही ऐकू येत नाही. आणि सगळे फुकट बरं का, हॅमवाल्याला यासाठी पैसे घेताच येत नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा आजोबांनी ताईचं नाव सांगितलं, चूक होऊ नये म्हणून एकेका इंग्रजी अक्षराला एकेक शब्द, रोमिओ, युनिफॉर्म, ज्युलिएट, युनिफॉर्म, टँगो, अल्फा. एवढ्या टेन्शनमध्ये मला हसू आलं. सांगलीचा नंबर का नाही दिला, तर म्हणाले शक्यतो इथलाच दे, समोरच्याला पटकन लावता येतो. मग बाहेरच्या कुणीतरी, ज्याचा फोन चालू होता, ताईला फोन केला आणि ताईने तुम्हाला. तो माणूस कोण ते मला अजून माहीत नाही.

तर हॅमच्या परवान्याची परीक्षा दिली मी. 35 प्रश्न, 26 बरोबर आले की पास, मोर्स कोड 2007 पासून लागत नाही. (बाबा, "मग त्यात काय हॅम" असं म्हणू नका, अँटेनाचं गणित मला रात्री बारापर्यंत कळत नव्हतं.) आणि गेल्या शनिवार-रविवारी फील्ड डे होता, म्हणजे संकट आलंय असं धरून 24 तास मैदानात तंबू, जनरेटर, आणि बेचकीने दोरी झाडावर फेकून तारेची अँटेना वर ओढायची. माझी बेचकी तिसऱ्या वेळी लागली, लहानपणी कैऱ्या पाडल्याचा उपयोग झाला. रात्री दोनला कुठल्याशा राज्यातल्या कुणालातरी मी "थ्री अल्फा, नॉर्थ कॅरोलिना" (म्हणजे आमच्या गटाचा प्रकार आणि ठिकाण) म्हटलं आणि तिकडून उत्तर आलं, तेव्हा अंगावर काटा आला खरं सांगते.

बाबा, परवाना आपल्याकडेही मिळतो, कॉलसाइन व्हीयूने सुरू होतात. रिटायर झाल्यापासून पेपर दोनदा वाचता तुम्ही, त्यापेक्षा हे बघा. आणि पाऊस सुरू झालाय तर आयर्विनचा आकडा रोज पाठवत जा, आई "काही नाही गं" म्हणते त्यावर माझा विश्वास नाही.

आठला नेट आहे, बॅटरी चार्जिंगला लावायची राहिलीय. मेतकूट संपलंय, कुणी येत असेल तर पाठव.

तुमची,
चिऊ