रंकाळ्यावरच्या पाच मिनिटांसाठी थँक्यू गं

प्रिय फिजिओ मॅडम,

मॅडम म्हटलं की तू हसायचीस. माझ्या लेकीच्या वयाची तू, म्हणून अगं-तुगंच करते. लग्न होऊन तू गेलीस, तुझा जुना नंबर लागत नाही आणि दवाखान्यात विचारलं तर नवीन देत नाहीत (बरोबरच आहे त्यांचं), म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहिते, कुणीतरी पोचवेल.

पहिल्यांदा आले तेव्हा ह्यांनी मला रिक्षातून हाताला धरून उतरवलेलं. आमवात सुरू होऊन दीड वर्ष झालेलं, सकाळी दीड तास बोटं वळायची नाहीत, दुधाची पिशवी दातानं फाडायची, ब्रशवर पेस्ट काढायला सासूबाईंना हाक मारायची, लाज वाटायची खरंच. दर रविवारी आमवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, आणि सोमवारी अंगात जीव नाही. घरात सगळ्यांचं एकच, तू बस. तू बस, मी करते, तू बस, पाणी आणून देतो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी पण सांगितलेलं की सांधे वापराल तेवढे झिजतील. मग काय, बसले. वर्षभर दिवाणावर बसून टीव्ही बघितला, वजन ९ किलो वाढलं आणि मांड्या मात्र काटक्या झाल्या.

तू त्या दिवशी किती दुखतंय हे विचारलंच नाहीस. म्हणालीस, काकू, काल किती मिनिटं पायावर होता? मला उत्तरच येईना. बाथरूम, देवघर, दिवाण, सगळं मिळून किती होणार!

मग केसपेपरच्या मागे गुडघा काढलास. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, ते बघायचं काम गोळीचं, ती सोडायची नाही, पण बसून बसून बाजूचे स्नायू गेले की सगळा भार त्या सुजलेल्या सांध्यावरच. वर ह्या आजारात हार्टचा धोका पण इतरांपेक्षा जास्त असतो, हे तर मला दीड वर्षात कुणी बोललंच नव्हतं. तरी मी म्हटलंच, आणि झिजले तर? तेव्हा तू नेदरलँड्समधला २००३ साली छापून आलेला अभ्यास सांगितलास, आमवाताचे तीनशेच्या वर पेशंट, त्यातल्या निम्म्यांनी दोन वर्षं आठवड्यातून दोनदा चांगला घाम निघेल असा व्यायाम केला तरी त्यांचे मोठे सांधे बाकीच्यांपेक्षा जास्त खराब झाले नाहीत, फक्त ज्यांचे आधीच फार खराब होते त्यांनी जपून करायचं. हे ‘जपून’ तू गिळलं नाहीस ना, तिथंच माझा विश्वास बसला.

आणि मग रंकाळा. शालिनी पॅलेसच्या बाजूला, पाचच मिनिटं, तू घड्याळ लावून बरोबर. तिसऱ्या मिनिटाला मी कठड्यावर बसायला बघितलं तर तू माझी पिशवी घेतलीस आणि सासूबाईंचा विषय काढलास! चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तेवढाच स्पीड बरोबर, हे तुझंच. दुसरं, व्यायामानंतर दोन तासांनी पण आधीपेक्षा जास्त दुखत असेल तर उद्या थोडं कमी करायचं, बंद नाही. सांधे भडकलेल्या दिवशी चालणं राहू दे, पण कोमट पाण्यात बोटं उघड-मीट करायचीच. आठवड्याला १५० मिनिटं चालायचं हा आकडा तू मला पहिल्या महिन्यात सांगितलाच नाहीस, लबाड! सांगितला असतास तर मी परत आलेच नसते.

कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी मिनिटं लिहायला लावलीस ना, ते अजून चालू आहे. ५, ५, ७, खाडा, ८. सासूबाईंना आधी वाटायचं दूध एवढं कसं वाढलं, हिशेबावरून भांडण व्हायचं राहिलं.

आजार गेला नाही हां, उजवं मनगट अजून मधूनच सुजतं, थंडीत तर नकोच. पण पेस्ट मी काढते आणि पोळ्या १० पर्यंत जमतात, पुढच्या ह्यांनी लाटायच्या, गोल होत नाहीत तो भाग वेगळा.

गेल्या आठवड्यात १४० मिनिटं झाली. शुक्रवारी पाऊस होता म्हणून गेले नाही, खरं तर पाऊस सकाळीच थांबलेला, तुला खोटं कशाला सांगू.

तुझी,
दिवाणवाली काकू