‘युरोप’च्या सिममधून स्वित्झर्लंड गायब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकात सहल कंपन्यांच्या पानभर जाहिराती झळकू लागतात. त्यातली युरोपची सहल सहसा स्वित्झर्लंडवाचून नसते. आपल्या लोकांच्या लेखी युरोप म्हणजे आयफेल टॉवर, युंगफ्राऊचा बर्फ आणि मधल्या प्रवासात बसमध्ये अंताक्षरी. म्हणूनच हे पत्र लिहावंसं वाटलं.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं अशाच एका सहलीला जाऊन आलो. इंटरनेटसाठी या वेळी ई-सिम घेतलं. त्यामागे जुना अनुभव होता. काही वर्षांपूर्वी बँकॉकच्या विमानतळावर तिथलं सिम घेतलं, आपलं सिम काढून कागदाच्या पुडीत बांधलं आणि ती पुडी हॉटेलच्या टेबलावर राहिली. परत आल्यावर डुप्लिकेट सिम मिळेपर्यंत बँकेचं अ‍ॅप बंद, गुगल पे बंद. ई-सिम फोनच्या आतल्या चिपवर उतरवून घ्यायचं असतं. आपलं सिम जागचं हलत नाही आणि बँकेचे ओटीपी त्यावर येत राहतात. पैसे वाचतात हे खरंच, पण माझ्या दृष्टीने मोठा फायदा हा. आपला फोन ई-सिम घेतो की नाही हे पाहायचं तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबावं. ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला की घेतो.

विक्रेत्याने क्यूआर कोड ईमेलवर पाठवला. आता फोनवर आलेला कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपायचा कसा? सौ. म्हणाल्या, आरशासमोर धरून बघा. अखेर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून दहा रुपयांत छापून आणला आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर सिम उतरवलं. पॅरिसला उतरताच इंटरनेट सुरू. दोन दिवस नातवाशी व्हिडिओ कॉल, नकाशे, फोटो. मी खूश.

बसने बाझलजवळ सरहद्द ओलांडली आणि इंटरनेट गेलं. डोंगराळ भाग आहे, येईल, असं आधी वाटलं. ल्युसर्नला तलावाकाठी उतरलो, तरी नाही. टूर मॅनेजरने तासभर मोकळा दिला आणि सगळ्यांनी जुन्या लाकडी पुलाच्या तोंडाशी जमायचं ठरलं. आम्ही वेळेवर जाऊन उभे राहिलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली, आपल्यातलं कोणीच दिसेना. टूर मॅनेजरचा नंबर होता, पण तो व्हॉट्सअ‍ॅपवरच. शेवटी समोरच्या घड्याळाच्या दुकानात शिरलो. तिथल्या मुलीने काही न विचारता वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला (त्या दुकानातलं एकही घड्याळ आम्हाला परवडणारं नव्हतं, हे तिने ओळखलंच असणार). फोन टणाटण वाजायला लागला. सतरा मेसेज. पुलाजवळ बस थांबू देत नाहीत, सगळ्यांनी सिंहाच्या शिल्पापाशी यावं, असा निरोप पाऊण तासापूर्वीच ग्रुपवर पडला होता. धापा टाकत पोचलो तेव्हा अख्खी बस आमच्याकडे बघत होती.

रात्री हॉटेलात प्लॅनची माहिती उघडली. वर मोठ्या अक्षरांत ‘युरोप’. देशांची यादी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, बोटाने दाबल्यावर उघडणारी. त्यात शेजारचा चिमुकला देश लिश्टेनस्टाइन होता, स्वित्झर्लंड नव्हतं.

कारण शोधलं तेव्हा कळलं की यात लबाडीपेक्षा कायद्याचा भाग जास्त आहे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं. संघात नसलेले नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनही त्या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड नाही. तिथल्या कंपन्यांना तो दराचा लगाम लागू नाही, त्यामुळे स्वस्त प्लॅनमधून हा देश अनेकदा वगळलेला असतो. आपण फसतो ते व्हिसामुळे. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून शेंगेन व्हिसा एकच, स्वित्झर्लंड त्या व्यवस्थेत डिसेंबर २००८ पासून आहे, सरहद्दीवर बस क्वचितच थांबते. व्हिसा चालला म्हणजे सिमही चालणार, असं कोणालाही वाटेल. विक्रेत्याने तरी ठळक लिहायला हवं की नको?

आमच्याच गटातल्या कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेचं नुकसान याहून मोठं झालं. त्यांचंही ई-सिम सरहद्दीवर बंद पडलं, पण इंटरनेट चालूच राहिलं. त्या आम्हाला म्हणाल्यासुद्धा, ‘माझं बघा कसं छान चाललंय!’ घरी आल्यावर पोस्टपेडचं चार आकडी बिल आलं तेव्हा उलगडा झाला. ई-सिमने दम तोडताच फोन आपणहून भारतीय सिमच्या डेटावर गेला होता. ई-सिमला डेटा रोमिंग चालू ठेवावंच लागतं, कारण तेही तिथे परकंच असतं. भारतीय सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद हवं, आणि एका सिमवरून दुसऱ्यावर डेटा आपोआप नेणारं बटणही बंद हवं. ओटीपीसाठी भारतीय कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा सुरू करून घ्यायची ती वेगळीच गोष्ट. तिन्हींच्या नावात रोमिंग नाही तर डेटा. साठीच्या माणसाने काय चालू नि काय बंद करायचं?

सहल कंपनीने निघण्याआधी हॉल घेऊन दोन तासांची बैठक घेतली होती. थर्मल कुठले घ्यावेत, बॅगेचं वजन किती, लोणच्याची बाटली कुठे ठेवावी, सगळं सांगितलं. फोनबद्दल एक वाक्य: ‘इंटरनेटची सोय आपापली करा.’ ठरलेल्या जागा व्हॉट्सअ‍ॅपवर बदलायच्या, तर या बैठकीत पंधरा मिनिटं फोनलाही द्यावीत आणि ही बटणं प्रत्येकाच्या फोनवर तिथेच तपासून द्यावीत, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी सरकारकडे. परदेशी कंपन्यांची सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय या दोन विक्रेत्यांची अ‍ॅप भारतात बंद करायला लावली गेली. सिमचा वापर करून होणाऱ्या फसवणुकी पाहता ही कडक भूमिका मला पटते. पण ग्राहकाने अधिकृत विक्रेता ओळखायचा कसा? प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्लॅनमध्ये बसणाऱ्या देशांची पूर्ण यादी पैसे भरण्याआधी, त्याच पानावर आणि वाचता येईल अशा अक्षरांत दाखवणं विक्रेत्यांना सक्तीचं करावं. औषधाच्या वेष्टनावर छापतात ना, तसं.

आता दिवाळीनंतर लेकीकडे लंडनला जायचं ठरतंय. परवा प्लॅन बघत बसलो होतो. ‘युरोप’ नावाचे दोन मिळाले, किमतीत फार फरक नाही. एकात ब्रिटन आहे, दुसऱ्यात नाही.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली