पाढ्यांचं अ‍ॅप चुकलेलं परत विचारतं का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांकडून पाढे अ‍ॅपवर करून घ्यायचे की मोठ्याने म्हणवून घ्यायचे यावर पालकांचे वाद चालू असतात, पण अ‍ॅप नेमकं विचारतं काय आणि पोराचं चुकलं की करतं काय हे कोणी बघतच नाही. बरीचशी अ‍ॅप्स कुठलाही गुणाकार कुठूनही उचलून समोर टाकतात, मग बे पंचे दहा झोपेतही येतं तेच सतरा वेळा येणार आणि सात आठे छप्पन्न अडतं ते आलं तर आलं!

आता हिशोबच बघा ना. एक ते दहाच्या पाढ्यांत गुणाकार १००. सहा साते आणि सात सक एकच धरलं की उरले ५५, त्यातून एक, दोन, पाच आणि दहावाले सोपे काढले की फक्त २१. खरी मेहनत या २१ वर हवी, आणि कुठल्या पोराचं त्यातलं काय कच्चं आहे हे भरलेल्या वर्गात बाईंना कसं लक्षात राहणार, कॉम्प्युटरला मात्र सहज राहतं. चुकलेलं जरा वेळाने विचारायचं, मग उद्या, मग आणखी काही दिवसांनी, बरोबर येत गेलं की अंतर वाढवायचं. यात नवीन काहीच नाही, सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारांनी १९७० च्या दशकात कागदी कार्डं आणि कप्प्यांचा डबा वापरून हेच करायला सांगितलं होतं. एवढं साधं काम करायचं सोडून अ‍ॅपवाले नाचणारं अस्वल दाखवत बसतात.

दुसरं म्हणजे ते चार पर्याय. डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारात एकदा बरोबर येतं, आणि पोरं हुशार असतात, आठच्या पाढ्यात विषम आकडा दिसला की तो आधीच बाद करतात. उत्तर टाइपच करायला लावा. त्यातही एक गोम आहे, मराठीत आपण छप्पन्न म्हणताना सहा आधी म्हणतो, त्यामुळे पाढा पाठ असूनही पोरगं ६५ लिहितं आणि अ‍ॅप सरळ लाल फुली मारतं, वास्तविक चूक पाढ्याची नाहीच, आकडा लिहिण्याची आहे, ती वेगळी दाखवायला नको का?

टायमरचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची ऑनलाइन चाचणी असते, २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद. सात एके सातपासून म्हणत म्हणत सात आठेपर्यंत जाणाऱ्याला तेवढा वेळ पुरणं कठीणच, आणि चाचणीत ते ठीक आहे, उत्तर थेट आठवतंय का हेच बघायचं असतं. पण अजून पाठ होतायत तेव्हा घड्याळ कशाला? पोरगं घाबरून काहीही दाबतं. आणि हो, ५६ म्हणजे सात गुणिले किती असं उलटं विचारणारी अ‍ॅप्स फारच कमी, भागाकाराला तर तेच लागतं.

तुमच्या पुरवणीत कधी अशा अ‍ॅप्सची तुलना छापलीत तर रंग, आवाज, बक्षिसं राहू द्या बाजूला, मुद्दाम चार उत्तरं चुकवा आणि ती दुसऱ्या दिवशी परत येतात का तेवढं तपासून छापा.

आपला,
एक पालक वाचक